मदत हवी आहे: खारकिव्हहून इंग्लंडमध्ये आलेल्या माय-लेकांना स्थिरावण्यासाठी

नमस्कार.

आम्ही रेडिंगमध्ये राहतो. ब्रिटिश सरकारने मार्च 2022 मध्ये सुरू केलेल्या 'होम्स फॉर युक्रेन' (युक्रेनच्या निर्वासितांना आपल्या घरी ठेवून घेण्याच्या) योजनेखाली युक्रेनमधील खारकिव्ह शहरातून आलेल्या एक बाई आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा या उन्हाळ्यापासून आमच्या घरी राहत आहेत. युक्रेनच्या युद्धकाळातील नियमांनुसार 23 ते 60 वयाच्या पुरुषांना, थोडे अपवाद वगळता, देश सोडता येत नसल्यामुळे मुलाचे वडील तिकडेच आहेत. दीड वर्ष राहण्याची व नोकरी करण्याची परवानगी, जीपीकडे (स्थानिक डॉक्टरांकडे) नोंदणी, बँकेचे खाते, युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता ही कामे मार्गी लागली आहेत. ज्यांची उत्तरे सरकारी माहितीपत्रकांत सापडत नाहीत, अशा काही गोष्टींबाबत येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सर्वांत मोठी काळजी मुलाच्या शिक्षणाची आहे. सप्टेंबरपासून तो येथे इयर नाइनमध्ये (माध्यमिक शाळेच्या नवव्या इयत्तेत) जाऊ लागला आहे आणि खारकिव्हमधील शाळा ऑनलाइन भरत असल्याने तिकडचे वर्गही त्याने सोडलेले नाहीत. तेथील घड्याळ दोन तास पुढे असल्यामुळे तिकडचा पहिला तास तो येथील शाळेत निघण्यापूर्वी करतो आणि उरलेला अभ्यास रात्री घेऊन बसतो. गणितात तो वर्गाच्या पुढे आहे, परंतु इंग्रजीतील शाब्दिक उदाहरण आले की अडतो. याच वर्षी त्याला जीसीएसईचे (सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेचे) विषय निवडावे लागतील. युक्रेनची शाळा सोडायला सांगणे म्हणजे आता परत जाणे नाही असे त्याला सुचवल्यासारखे होईल, आणि दोन्ही शाळा चालू ठेवल्या तर तो थकून जाईल, ही भीती आहे. निर्णय अर्थातच त्याच्या आईचा आहे. पण त्या आमचे मत विचारतात आणि आमच्याकडे अनुभवाचा आधार नाही. आपल्यापैकी कोणी येथील शाळांमध्ये शिकवत असेल, तर अशा मुलांसाठी शाळा गृहपाठात किंवा विषयांच्या संख्येत कितपत सवलत देतात, आणि ती मागावी कोणाकडे, हे कृपया सांगावे.

बाई तिकडे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर असून औषधांच्या दुकानात काम करीत होत्या. येथे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळवायची तर ओसपॅप हा परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीचा वर्षभराचा अभ्यासक्रम, त्यानंतर प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणी परीक्षा असा लांबचा मार्ग आहे. तोवर फार्मसीतच साहाय्यकाची नोकरी धरावी, की आधी इंग्रजीच्या वर्गांना पूर्ण वेळ द्यावा? भारतातून येऊन याच वाटेने गेलेल्या मराठी फार्मासिस्टांचे उत्तर येथे फार मोलाचे ठरेल.

खारकिव्हमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या, किंवा 'ऑपरेशन गंगा'मधून (भारत सरकारने 2022 मध्ये युक्रेनमधील भारतीयांना परत आणण्यासाठी राबवलेल्या मोहिमेतून) परतलेल्या विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. दोघे माय-लेक घरात बहुतेक रशियन बोलतात, पण बाहेर त्यांना रशियन दुभाषा दिला की बाई गप्प होतात. दवाखान्यात आपण आग्रहाने युक्रेनियन दुभाषाच मागावा का? शिवाय त्यांच्या फोनवर हवाई हल्ल्याचा इशारा देणारे ॲप खारकिव्हसाठी चालू असते आणि ते मध्यरात्रीही वाजते. आवाजाची आम्हाला तक्रार नाही; मुलाची झोप मोडते, एवढेच मनाला लागते. पण वडील त्याच शहरात असताना ते बंद ठेवा असे सांगण्याचा धीर होत नाही. तेथील लोकांना जवळून ओळखणाऱ्यांनी हा विषय काढावा की नाही ते सांगावे.

शेवटचा प्रश्न घराचा आहे. योजनेनुसार यजमानाने किमान सहा महिने जागा द्यायची असते. आम्ही त्यांना त्यानंतरही ठेवून घेणार आहोत आणि तसे सांगितलेही आहे. सरकारकडून यजमानाला महिन्याला 350 पौंड मिळतात, त्यामुळे खर्चाचीही ओढाताण नाही. तरीही बाईंना स्वतःचे घर हवे आहे, आणि ते आम्हाला पूर्णपणे पटते. मात्र पगाराची पावती आणि ब्रिटनमधील जामीनदार नसेल तर घरमालक घर भाड्याने द्यायला का-कू करतात. आम्ही जामीनदार राहायला तयार आहोत. कोणी असा जामीन दिला असल्यास करारात कोणती अट पाहून घ्यावी, जबाबदारीला मुदत घालून घेता येते का, आणि अनामत रकमेसाठी आपापल्या काउन्सिलने (स्थानिक पालिकेने) मदत केली का, हे सविस्तर लिहावे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून अधिक तपशील येथे देत नाही. आवश्यक वाटल्यास व्यक्तिगत निरोपातून विचारावे.