केमोने पांढऱ्या पेशी पडतात, मग प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढते कशी?

प्रश्नार्थक:
काकूची केमो चालू आहे, दर सायकलआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होते आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी आले की डोस पुढे ढकलतात. म्हणजे केमो प्रतिकारशक्तीला झोपवते हे दिसतंयच. पण आता वाचलं की केमोचा थोडा परिणाम प्रतिकारशक्तीमुळेच होतो?? दोन्ही खरं कसं काय

लॅबवाला:
दोन्ही खरंय. न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत भराभर तयार होतात म्हणून केमोच्या तावडीत पहिले सापडतात, बऱ्याच औषधांत डोसनंतर 7 ते 14 दिवसांत तळाला जातात. कॅन्सरची पेशी ओळखून मारणं हे मात्र मुख्यतः टी पेशींचं (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) काम. (त्याही कमी होतात, पण सगळ्या संपत नाहीत.)

आता गंमत बघा, डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने कॅन्सरची पेशी मरायला लागली की कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रोटीन, जे एरवी आत असतं, ते बाहेरच्या पृष्ठभागावर येतं आणि भक्षक पेशींना कळतं की हिला खायचंय, मग डेन्ड्रायटिक पेशी (भक्षक पेशींचाच एक प्रकार) तिचे तुकडे उचलून टी पेशींना दाखवतात. 2005 मध्ये उंदरांना अशा मेलेल्या पेशी टोचल्या, नंतर त्याच कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या तर बऱ्याच उंदरांत गाठ झालीच नाही! लस दिल्यासारखंच की. ऑक्झालिप्लॅटिननेही असं होतं पण त्याचंच भावंड सिस्प्लॅटिन यात कच्चं. त्यामुळे ‘केमो’ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

निळी_शाई:
रेडिएशनचंही तसंच. एका गाठीला रेडिएशन दिलं आणि लांबची, किरण न लागलेली गाठही आक्रसली असं क्वचित दिसतं, त्याला अ‍ॅबस्कोपल इफेक्ट म्हणतात, नाव 1953 पासूनचं. पण क्वचित म्हणजे खरंच क्वचित, त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्नार्थक:
मग इम्युनिटी बूस्टर पावडर सुरू करू का? घरात सगळे मागे लागलेत

लॅबवाला:
नको!! टी पेशींना नेमकी गाठच दाखवून देईल अशी पावडर नसते, आणि काही सप्लिमेंट केमोच्या औषधात ढवळाढवळ करतात. ऑन्कोलॉजिस्टला डबा दाखवल्याशिवाय काहीच नाही. त्यापेक्षा घरात थर्मामीटर ठेवा, 38 डिग्री सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा वर ताप गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन, आधी क्रोसिन देऊन बघू वगैरे अजिबात नाही, न्यूट्रोफिल कमी असताना इन्फेक्शन काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतं.