गाडी भाड्याची, स्वयंपाक आपला : कमी खर्चातल्या युरोपचे अनुभव

गेल्या काही महिन्यांत चार जणांनी मला विचारलं, "गाडीने युरोप केलात, परवडलं कसं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहितो. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी भर घालावी ही विनंती. ठिकाणांची वर्णनं सगळीकडे मिळतात. पैसे कुठे वाचले, कुठे नाहक गेले आणि पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

पुणे. आम्ही दोघं आणि माझे आईबाबा, सप्टेंबर 2024

म्युनिकला उतरलो आणि म्युनिकहूनच परतलो. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची म्हटलं की भाड्यावर मोठी रक्कम चढते, म्हणून वाट गोल आखली: साल्झबुर्ग, स्लोव्हेनिया, इटलीतले डोलोमाइट्स, इन्सब्रुक आणि परत म्युनिक.

गाडीमुळे आमचे पैसे वाचले ते मुक्कामात. शहराच्या मध्यात चौघांना हॉटेलच्या दोन खोल्या लागल्या असत्या. वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर, एका शेतकऱ्याच्या घराचा अख्खा वरचा मजला स्वयंपाकघरासकट एका खोलीच्या भावात मिळाला. जर्मन भाषेच्या मुलखात 'फेरिएनवोनुंग' हा शब्द टाकून शोधा. मात्र अशा घरांना शेवटच्या साफसफाईचे पैसे लागतात आणि ते एका रात्रीला घेतात तेवढेच पाच रात्रींना. रोज नवं गाव गाठणाऱ्याला हे घर हॉटेलइतकंच महाग पडतं. आम्ही बारा रात्री तीनच घरांत काढल्या. माझ्या मते सगळ्या हिशोबाची किल्ली इथेच आहे. माणशी दररात्रीचा स्थानिक कर वेगळा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो रोख मागतात, तेव्हा सुटे युरो जवळ ठेवा.

आता टोल. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रियात विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचा ठरावीक मुदतीचा पास, लागतं. 10 दिवसांचं 2024 साली 11.50 युरोला होतं. आम्ही ऑस्ट्रियात पहिल्यांदा शिरल्यापासून शेवटचं बाहेर पडेपर्यंत बरोबर दहा दिवस बसवले. पण विन्येट घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. साल्झबुर्गहून दक्षिणेला जाताना टाउअर्न बोगद्याच्या टप्प्याला, पुढे स्लोव्हेनियात उतरवणाऱ्या काराव्हांकेन बोगद्याला आणि इटलीच्या वाटेवरच्या ब्रेनर महामार्गाला वेगळा टोल आहे. टाउअर्नचा आम्ही भरला. काराव्हांकेन मात्र टाळून फिलाखकडून वुर्त्सन घाटाने थेट क्रान्स्का गोराला उतरलो. चढ खडा आहे, बाबा गप्प बसले होते. पण रस्ता चांगला.

दुसऱ्या दिवशी व्हर्शिच घाट केला. पन्नास वळणं, माथा 1611 मीटरवर, आणि एका बाजूची वळणं दगडी फरशीची. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला. मार्च 1916 मध्ये हिमलोट कोसळून त्यातले पुष्कळ जण गाडले गेले. वाटेत त्यांच्या आठवणीचं एक लहानसं लाकडी चॅपल आहे. आई तिथे बराच वेळ बसून राहिली. या घाटाला टोल नाही, चॅपलला तिकीट नाही, आणि आम्हा चौघांनाही प्रवासातली हीच सकाळ सगळ्यात जास्त आठवते.

जेवणाचं म्हणाल तर लहान राइस कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी नेली होती. लाल मसूर, तांदूळ, दही आणि भाज्या तिथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. रविवारी मात्र जर्मनी आणि ऑस्ट्रियात दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी सामान भरायचं विसरलात तर दोन्ही जेवणं बाहेर होतात, आणि चौघांचं बाहेरचं एक जेवण म्हणजे घरच्या स्वयंपाकाचे दोन-तीन दिवस.

नाशिक. दोघं, मे 2023

आमचे पैसे कुठे बुडाले ते सांगते. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात 'झेडटीएल' असतं, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही असा भाग. त्याची पाटी म्हणजे पांढऱ्या गोलाला लाल कडा, खाली इटालियनमध्ये वेळा. दांडी नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. टस्कनीतल्या एका गावात नकाशा सांगेल तशी गाडी नेली, चुकलो म्हणून वळून परत त्याच कमानीतून बाहेर आलो. पाच महिन्यांनी नाशिकला दोन दंडांची पत्रं आली. त्याआधीच गाडी देणाऱ्या कंपनीने आमचा पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापले होते, तेही दोनदा.

मुक्काम अशा भागात असेल तर हॉटेलला आधी गाडीचा नंबर कळवा, ते नोंदवून देतात. नाहीतर वेशीबाहेर गाडी लावा आणि चाला. त्यानंतरच्या प्रत्येक गावात आम्ही तेच केलं.

आइंडहोवन. स्वतःची गाडी, दर उन्हाळ्यात

इथे राहणाऱ्यांसाठी लिहितो. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मोटारीला जवळपास कुठेच टोल नाही, लक्झेंबर्गमध्ये तर नाहीच. आम्ही लक्झेंबर्गला टाकी भरून घेतो, कारण शेजाऱ्यांपेक्षा तिथे इंधन स्वस्त. आणि 2020 पासून त्या देशात बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा! सीमेजवळच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि दिवसभर तिकिटाशिवाय देश पाहायचा.

परत येताना मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावात थांबा. ज्या व्हिसासाठी आपण एवढी कागदं गोळा करतो, त्याचं नाव या गावाचं. 14 जून 1985 ला पाच देशांनी आपापसांतल्या सीमांवरची तपासणी हटवण्याच्या करारावर इथे एका बोटीवर सह्या केल्या. पलीकडच्या काठाला जर्मनी, चार पावलांवर फ्रान्स. माझ्या वडिलांनी तिथे पुलावर उभं राहून पासपोर्ट उघडला आणि व्हिसाच्या पानावर बोट ठेवून फोटो काढून घेतला.

सांगली. वय 63, स्वतः गाडी चालवली

माझ्या वयाच्या माणसांना भीती वाटते म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. मूळ परवानाही बरोबर लागतोच. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि तेही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. माझं कार्ड मुलाच्या खात्यावरचं होतं, त्यामुळे काउंटरवर दोन तास गेले आणि शेवटी जावयाला बोलवावं लागलं.

गाडी रविवारी सकाळी ताब्यात घ्यावी असं मी सुचवीन. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकना रस्त्यावर बंदी असते. उजवीकडून चालवायची सवय त्या मोकळ्या रस्त्यावर झाली. गिअरची गाडी स्वस्त असते, तरी पहिल्या खेपेला ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या हाताने गिअर टाकायचा नवा व्याप नको. ही बचत माझ्या मते करू नये.

श्टुटगार्ट. आईबाबांना घेऊन क्रोएशिया, 2023

व्हिसावरचा प्रवेशांचा रकाना वाचा. माझ्या आईबाबांच्या व्हिसावर तिथे '01' होतं, म्हणजे एकदाच प्रवेश. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो झालंय, त्यामुळे दुब्रोव्हनिकपर्यंत अडचण नव्हती. पूर्वी त्या वाटेवर नेउमला बोस्नियाचा एक चिंचोळा पट्टा ओलांडावा लागे. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून तो टळतो. बाबांना मोस्तारचा पूल पाहायचा होता. पण एकदा बोस्नियात पाऊल टाकलं की '01' संपला, परत येता आलं नसतं. आम्ही मोस्तार सोडून दिलं. आज अर्ज करायचा असता तर पहिल्याच दिवशी एकाहून अधिक प्रवेशांचा मागितला असता आणि वाटेतले सगळे देश अर्जात लिहिले असते.

ठाणे. दोघं, मनात आहे पण ठरत नाही

मध्ये एकच दिवस स्वित्झर्लंड घालावं का? तिथलं विन्येट वर्षाचंच मिळतं असं ऐकलं.

पुणे

हो, 40 फ्रँक, एक दिवस जा की वर्षभर. एका दिवसासाठी मी घालणार नाही. तिथे चार-पाच रात्री राहणार असाल तर गोष्ट वेगळी. पण ते फक्त महामार्गाला लागतं, साध्या रस्त्यांना नाही.

झुरिक

याला दुजोरा. पाहुण्यांना घेऊन आम्ही मुद्दाम साध्या रस्त्यांनी जातो. गोट्टहार्डचा बोगदा महामार्गावर आहे, पण वरून घाटाचा जुना रस्ता आहे, 'ट्रेमोला', दगडी फरशीचा, वळणावर वळण, माथ्याला 2106 मीटर. टोल नाही. हिवाळ्यात बंद असतो, तेवढं पाहून या. सासूबाई दर वळणाला गाडी थांबवायला लावत होत्या, वर पोचायला दीड तास लागला. डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी माथ्यावरच्या तळ्याकाठी खाल्ली.

पुणे

ठाणेकरांनो, झुरिकची वाट धरा. तूप आणि पेढे मात्र भारतातून नेऊ नका. बाहेरून येणाऱ्यांना युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आमची बरणी विमानतळावरच राहिली. पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन कोणी गेलं असेल तर लिहा. मुलाची खुर्ची इथून नेली की तिथे भाड्याने घेतली, आणि रोजचे किती किलोमीटर झेपले, हे माझ्या बहिणीला कळायला हवंय. ती जूनमध्ये निघतेय.