भाच्यासाठी जुन्या पार्टचा गेमिंग पीसी: नात्यात वापरलेला माल द्यावा का?

भाच्याचा मामा

धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा अकरावीला गेला, राहतात धायरीला. त्याला पीसी हवाय आणि गेमिंगसाठीच हवाय, अभ्यासाचं निमित्त त्याने पुढे केलं नाही हे मला आवडलं. व्हॅलोरंट, जीटीए ५, मित्रांबरोबर थोडं माइनक्राफ्ट, एवढंच. मेहुण्यांनी ३० हजार दिलेत आणि म्हणाले तुम्ही बघा, आम्हाला यातलं कळत नाही. मॉनिटर माझ्याकडचा जुना २२ इंची देणार, म्हणजे गेम १०८०पी, फुल एचडीलाच चालवायचेत.

माझा प्लॅन असा. ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड टॉवर, आय५ ८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमसकट मला ११ हजाराला सांगितलाय. वापरलेली अजून ८ जीबी अडीच हजार, आरएक्स ५८० आठ जीबीवालं कार्ड ६ हजार, एसएसडी (डिस्क) मात्र नवीन साडेचार, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नवीन पावणेचारच्या आसपास. २७-२८ मध्ये बसतं. नवीन घ्यायला गेलो तर २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की एवढ्या पैशात ग्राफिक कार्ड सोडूनच द्यावं लागेल.

माझं म्हणणं आहे की नीट तपासून घेतलेला जुना माल या बजेटला नव्यापेक्षा चांगला, आणि नात्यात द्यायलाही काही हरकत नाही. बायको म्हणते स्वतःसाठी घे हवा तर, पण दुसऱ्याच्या पोराला जुनं देऊ नकोस. तुम्हाला काय वाटतं?

नवं_ते_नवं

वहिनींशी सहमत. मी तीन वर्षांपूर्वी हेच केलं होतं, चुलतभावाच्या मुलीसाठी. बोर्ड प्रोसेसर कार्ड सगळं वापरलेलं, एका विक्रेत्याकडून घेतलेलं, घरी दोन दिवस चालवून पाहिलं आणि मग दिलं. दिवाळीला त्यांच्याकडे गेलो तर पीसी कपड्याखाली झाकून ठेवलेला. विचारलं तर भाऊ म्हणाला अरे हल्ली ती खेळतच नाही. नंतर पोरीनेच गॅलरीत हळूच सांगितलं की काका तो पाच महिने झाले बंदच आहे, सुरू केला की मध्येच रिस्टार्ट होतो, बाबा म्हणाले काकाला सांगायचं नाही, त्याने एवढ्या हौसेने करून दिलाय. तोपर्यंत दोन रिपेअरवाल्यांना मिळून त्यांनी साडेचार हजार दिलेले होते. मला एका शब्दाने कळवलं नाही.

दुकानात घेतलेली वस्तू बिघडली तर माणूस बिल घेऊन जातो, आवाज चढवतो, बदलून आणतो. मामाने दिलेली बिघडली तर बहीण गप्प बसते. तुमचा सगळा हिशोब पार्टच्या किमतीचा आहे, हा खर्च त्यात कुठेच दिसत नाही.

माझा सल्ला: रायझन ५ ५६००जी नवीन घ्या, सहा कोर बारा थ्रेड, प्रोसेसरच्या आतलंच व्हेगा ग्राफिक व्हॅलोरंटला पुरतं, जीटीए ५ पण सेटिंग खाली आणून चालतो. डब्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षं वॉरंटी. कार्ड वर्षभराने टाका.

कोथरूडकर

५६००जी चांगला आहे पण तुम्ही एक गोष्ट गाळताय. त्याच्या आतल्या ग्राफिकला वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, त्यामुळे १६ जीबी आणि तीही दोन कांड्यांत लावली तरच तो नीट पळतो, एक कांडी लावली की फ्रेम धाडकन खाली येतात. म्हणजे आज जी वस्तू सगळ्यात महाग आहे तीच या प्लॅनला सगळ्यात जास्त लागते. नवीन रॅम, नवीन बोर्ड, नवीन एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस धरून ३० मध्ये बसवून दाखवा. मी गेल्या आठवड्यात तपकीर गल्लीत तीन दुकानांत विचारून आलो, बसत नाही.

आणि मामा, तुमच्या यादीतलं आरएक्स ५८० काढा. २०१७ चं कार्ड, १८५ वॅट खातं. रोज तीन तास खेळला तर महिन्याला साडेसोळा युनिट नुसतं कार्डाचे, तेच जीटीएक्स १६५० ७५ वॅटमध्ये भागवतं, पावणेसात युनिट. एप्रिल-मेमध्ये धायरीतल्या स्लॅबखालच्या खोलीत ते कार्ड हीटरचं काम करेल ते वेगळंच. शिवाय बाजारातली बहुतेक ५८० मायनिंगमधून आलेली, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवायला दिवसरात्र चालवलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केलं तेव्हा रॅकच्या रॅक कार्डं बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतायत.

सोल्डर_बुधवार

मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड हा समज चुकीचा आहे, मी रिपेअरिंगच करतो म्हणून ठामपणे सांगतो. मायनिंग करणारा व्होल्टेज कमी करून चालवायचा, तापमान दिवसरात्र एकसारखं राहायचं. थंड-गरम थंड-गरम होऊन सोल्डरचे जोड जेवढे उकलतात तेवढे सलग चालून उकलत नाहीत. जातात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळतात. दोन्ही बदलता येतात. बघायचं ते बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर. मायनिंगसाठी मेमरीचे टायमिंग बदललेलं बायोस तसंच ठेवून विकतात, मग गेममध्ये चौकोन चौकोन दिसायला लागतात. काही कार्डांवर दोन बायोसचं बटण असतं, ते सरकवून बघा.

पण एक फसवणूक यापेक्षा मोठी आहे. २०४८ एसपी नावाचं ५८० असतं, ते मुळात चीनच्या बाजारासाठी काढलेलं, खऱ्यात गणित करणारी २३०४ युनिट असतात, यात २०४८. स्टिकर ५८० चाच. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवून आकडा स्वतः बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विकणारा मशीनला लावून दाखवत नसेल तर तिथून सरळ निघायचं.

एक्स९९ फॅन

कुठे आय५ घेऊन बसलात. चायनीज एक्स९९ बोर्ड आणि झिऑन २६८० व्ही४ प्रोसेसर, चौदा कोर अठ्ठावीस थ्रेड, आय५ टॉवरच्या किमतीत. माझा भाऊ व्हिडिओ एडिटिंग पण करतो त्यावर.

कोथरूडकर

एडिटिंगला छान आहे ते, गेमला नाही. त्याचा वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ, आणि व्हॅलोरंटसारख्या गेमला चौदा कोर नकोत, दोन-तीन कोर जोरात पळायला हवेत. ८५०० चे कोर ४ च्या वर जातात. आणि झिऑनमध्ये आतलं ग्राफिक नाही, कार्ड गेलं की स्क्रीनच काळी. ज्या घरात कोणाला यातलं कळत नाही तिथे आतलं ग्राफिक असणं फार मोठा आधार आहे, कार्ड काढून केबल बोर्डला लावा, निदान पोराचा प्रोजेक्ट तरी पूर्ण होतो.

हिंजवडी शिफ्ट

मी कंपनीत हेच बघते, जुनी मशीन काढून टाकायचं काम आमच्या टीमकडे आहे, म्हणून त्या टॉवरबद्दल थोडं सांगते. ही मशीन तीन-चार वर्षांच्या लीजवर असतात. दिवसाला दहा तास चालू असतात हे खरं, पण एक्सेल आणि मेल यापलीकडे त्यांना कामच नसतं, एसीत असतात, त्यामुळे बोर्ड-प्रोसेसर छान निघतात. डिस्क डेटासाठी आधीच काढून घेतलेली असते किंवा पुसलेली असते, त्यामुळे जी एसएसडी सोबत येते ती बाहेरून कुठलीतरी टाकलेली असते. नवीन घेताय ते योग्यच.

घ्यायच्या आधी मशीनच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा, पासवर्ड मागत असेल तर नको. कंपनीने चोरी शोधायचं सॉफ्टवेअर बायोसमधून कायमचं चालू केलेलं असलं तर तेही नको. आणि मागे सर्व्हिस टॅगचा स्टिकर असतो, तो नंबर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन मुळात कोणत्या प्रोसेसरचं होतं, कधी विकलं, सगळं कळतं. स्टिकर खरवडलेला असेल तर मी घेणार नाही.

मामांना एकच प्रश्न, टॉवर ब्रँडेड आहे म्हणता तर नवीन एसएमपीएस त्याला लागणार कसा? त्या बोर्डांना पॉवरची नेहमीची २४ पिन नसते.

भाच्याचा मामा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आभार ताई. आत्ता फोन करून फोटो मागवला, खरंच सहा पिनचं वेगळंच कनेक्टर आहे.

सोल्डर_बुधवार

अडॅप्टर केबल मिळते पण दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या मशीनमध्ये मी ती घालणार नाही. दोनच रस्ते आहेत. एक, टॉवरचा मूळ एसएमपीएस ठेवा आणि ज्याला वेगळी पॉवर लागत नाही असं १६५० लावा, ते स्लॉटमधूनच ७५ वॅट घेतं. त्यातही कार्डावर सहा पिनचं सॉकेट नाही ना ते बघा, काही मॉडेलना असतं. दोन, ब्रँडेड सोडा, साधा बी३६० किंवा एच३१० बोर्ड आणि ८५०० सुटे घ्या, साधं कॅबिनेट, नवीन एसएमपीएस. मी दुसरा घेईन. उद्या काहीही बिघडलं तर पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत त्याला पार्ट मिळतो, त्या टॉवरला मिळत नाही.

एसएमपीएस जुना घ्यायचा नाही, यावर मी वाद घालणार नाही. आतले कपॅसिटर वयाने सुकतात, वरून काही दिसत नाही, आणि जाताना एकटा जात नाही, बोर्ड-कार्ड घेऊन जातो.

जुना बाजार रविवार

बजेट अजून खाली आणता येईल ना, आय७ ४७७० प्रोसेसर आणि १०५० टीआय कार्ड, पंधरा हजारात सगळं. माझ्याकडे अजून पळतंय.

हिंजवडी शिफ्ट

तुमच्याकडे आधीपासून आहे तोवर पळेल, पण आज विकत घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, ४७७० चौथीतला, २०१३ चा. काहीतरी खटपट करून ११ टाकता येतं पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, नसेल तर गेम उघडतच नाही. मुलगा तोच गेम खेळणार आहे. ८५०० मध्ये हे बायोसमधून चालू करता येतं. १०५० टीआयचे नवीन गेम ड्रायव्हरही एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले. १६५० त्याच्या पुढच्या पिढीतलं आहे, त्याला अजून येतात.

नवं_ते_नवं

बघा ना, वीसेक प्रतिसाद व्हायच्या आधीच किती खड्डे निघाले. एसएमपीएसची पिन, खोटं ५८०, बायोसचा पासवर्ड, विंडोज. हे सगळं तुम्हाला इथे विचारल्यावर कळलं. पीसी चालेल हो, मी नाही म्हणत नाही. पण मार्चमध्ये परीक्षेच्या आधी बंद पडला तर फोन कोण करणार, तुमची बहीण करणार का, हा माझा प्रश्न होता आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. सगळे पार्टवरच बोलतायत.

भाच्याचा मामा

तुमचा झाकलेला पीसी माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.

काल संध्याकाळी धायरीला जाऊन आलो. बहिणीसमोर आणि भाच्यासमोर कागदावर लिहून दाखवलं, काय नवीन, काय वापरलेलं, कशाला वॉरंटी आहे, कशाला नाही. तिला म्हटलं हे बिघडू शकतं, कुठला पार्ट बिघडेल ते मला आज सांगता येणार नाही. तिने विचारलं मग नवीन का नाही, तर नवीनमध्ये ३० हजारात काय येतं तेही लिहून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, दादा, बिघडलं तर मी तुला सांगितलं नसतं हे खरंय, बरं झालं आधीच बोललास.

आता ठरलंय ते असं. ब्रँडेड टॉवर आणि ५८० दोन्ही रद्द. ८५०० आणि बी३६० बोर्ड सुटे, १६ जीबी वापरलेली दोन कांड्यांत, १६५० वापरलेलं, एसएसडी आणि एसएमपीएस नवीन बिलासकट. कॅबिनेट माझं जुनं देतोय. २७ हजारांवर जाऊ द्यायचं नाही, उरलेले ३ हजार पाकिटात घालून बहिणीच्याच कपाटात ठेवायचे, वर लिहायचं पीसी दुरुस्ती. ते संपेपर्यंत तिने कोणालाही विचारायची गरज नाही, संपले की मला फोन करायचा, असं तिने भाच्यासमोर कबूल केलंय.

नवं_ते_नवं

पाकिटाची गोष्ट पटली. जुनं द्यावं हे अजून पटलेलं नाही, मी असतो तर सहा महिने थांबलो असतो आणि पैसे साठवून नवीन घेतलं असतं. पण पाकीट मी पण ठेवायला हवं होतं.

सोल्डर_बुधवार

शनिवारी येताय का तपकीर गल्लीत? पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, फरमार्क (कार्ड तपासायला) आणि मेमटेस्ट (रॅम तपासायला) घेऊन या. कार्ड फरमार्कवर निदान वीस मिनिटं चालू द्या, दुकानदार घाई करेल, करू दे. आणि भाच्याला सोबत आणा, थर्मल पेस्ट त्याच्याच हाताने लावून घेऊ.

भाच्याचा मामा

येतो. त्याचा क्लास बाराला सुटतो, साडेबारापर्यंत पोचतो आम्ही दोघं.