मदत हवी आहे: नऊ घरांना दिवाळीत काय द्यावं? आणि पुरानंतर उघडंबोडकं राहिलेलं घर पुन्हा घरासारखं कसं करावं?

गावभागातली

नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. प्रश्न दोन आहेत, पण माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर चिखल काढताना दारासमोर ढीग घातला, आणि त्या ढिगात सगळ्यात जास्त काय होतं तर भेटवस्तू. वीस वर्षांत लग्नकार्यांना आणि दिवाळीला आलेल्या, कपाटात खोक्यासकट ठेवलेल्या. दाबलेल्या भुशाच्या फळीचे ट्रे फुगून पुठ्ठ्यासारखे झाले होते. फोमच्या उशा, नकली फुलांच्या परड्या, भिंतीवरची घड्याळं, सेलवर चालणारं कारंजं. कुणीतरी आपल्यासाठी पैसे मोजून आणलेल्या त्या वस्तू ट्रॅक्टरमध्ये टाकताना फार वाईट वाटलं.

राहिलं काय? तांब्याचा हंडा, पितळी समया, आजेसासूबाईंचा सागवानी पाट, बिडाचा तवा (गंज घासून काढला) आणि माझ्या आईने शिवलेली वाकळ. ती तीन पाण्यांतून काढली, मग रिठ्याच्या पाण्यात धुतली, गच्चीत चार दिवस वाळवली. आजही तीच पांघरते.

तेव्हापासून घरात शोभेची एक वस्तू आणलेली नाही. २०२१ ला परत पाणी आलं, त्यामुळे आमचंच बरोबर असं वाटत राहिलं. आता लोखंडी पलंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाच फुटांवर चढवलेले बटणांचे बोर्ड, रिकाम्या भिंती, पांढऱ्याफटक उजेडाच्या दोन ट्यूब. मुलगी बेंगळुरूला असते. गणपतीत आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, आपण उद्या निघून जाणार असल्यासारखं घर वाटतं गं." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तर मदत अशी हवी आहे.

दिवाळीत आम्ही नऊ घरी काही ना काही देतो. दोन नणंदा, जाऊबाई, विहीणबाई, पुण्यात नुकतीच लग्न झालेली भाचेसून, गाणं शिकणारी भाची, शेजारचे दोघे वयस्कर आजी-आजोबा आणि दोन मैत्रिणी. एका घरामागे साताठशे रुपये. वापरात येईल, दिसायलाही देखणं असेल आणि दहा वर्षांनी कुणाच्या ढिगात जाणार नाही असं काय देता येईल? भाचेसुनेची आवड फार नेटकी आहे, तिला "गावाकडचं काहीतरी" म्हणून नाही तर आवडलं म्हणून ठेवावंसं वाटलं पाहिजे.

दुसरं, आमचा सोपा आणि माजघर. खर्च थोडा. अट एकच, जे आणू ते एक तर तासाभरात वरच्या मजल्यावर नेता यावं, नाहीतर भिजलं तरी धुऊन वापरता यावं. लेक दिवाळीला येतेय.

सातारारोड

ताई, वाचून थांबलो थोडा वेळ.

मी वायरिंगची कामं करतो, म्हणून आधी उजेडाचं सांगतो, कारण घर परकं वाटायला निम्मं कारण तुमच्या त्या ट्यूबच आहेत. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा निळसर पांढरा, २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. वीज दोन्हीला सारखीच लागते, भाव जवळपास तोच. दुकानात "वॉर्म व्हाइट" मागा, पण आकडा स्वतः वाचून घ्या, कारण ३००० आणि ४००० वालेही त्याच नावाने खपवतात. ट्यूब काढू नका, वाचायला, निवडायला लागेल. संध्याकाळी मात्र ती बंद, आणि डोक्याच्या उंचीच्या खाली दोन-तीन लहान पिवळे दिवे. उजेड छतावरून न पडता बाजूने आला की त्याच भिंती जवळच्या वाटतात.

बोर्ड पाच फुटांवर आहेत ते तसेच राहू द्या, तुमच्या भागात तेच शहाणपणाचं आहे. टेबलावरचा दिवा घेतला तर वायर लोंबत राहील. त्यापेक्षा बोर्डाशेजारी खुंटी ठोकून लटकता दिवा करा. बुरुडाकडून बारीक विणीची दुरडी घ्या, उपडी करा, तळाला होल्डरपुरतं भोक, आत ५ वॅटचा एलईडी. साधा तापणारा बल्ब चुकूनही लावू नका, बांबू आहे. एलईडीला अडचण नाही. भिंतीवर विणीची सावली पडते. पाणी यायची वर्दी आली की खुंटीवरून काढायचा आणि वर न्यायचा. माझ्या घरी दोन आहेत.

दुरडी घेताना हातावर आपटून बघा. पिवळा भुसा पडला तर कीड लागलेली आहे, घेऊ नका.

गावभागातली

दादा, हे फारच उपयोगी आहे. २७०० चा आकडा वहीत लिहून ठेवला. भिंतींचं पण विचारते. खालच्या तीन फुटांत अजूनही रंगाचे पोपडे निघतात, मीठ फुटल्यासारखं पांढरं येतं. दर वर्षी रंग देतो, दर वर्षी निघतो.

सातारारोड

प्लॅस्टिक इमल्शन देत असाल तर निघणारच. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट मागते आणि रंगाचा पापुद्रा ती अडवतो. खालचा भाग खरवडून, पांढरं मीठ कोरड्या ब्रशने झाडून (पाण्याने धुऊ नका, परत आत जातं) तेवढ्यात चुन्याचा हात द्या. चुना ओल बाहेर सोडतो. त्यात थोडी पिवळी माती घातली तर मऊ पिवळसर रंग येतो, वर पांढरं आणि खाली पट्टा, जुन्या वाड्यांत असायचा तसा. दिवाळीच्या आधी किमान पंधरा दिवस करा. आणि पलंग, कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब.

माणदेशी

भाचेसुनेला घोंगडी द्या. हसू नका, आधी ऐका.

आमच्या माणदेशात काळी घोंगडी रंगवलेली नसते, मेंढीच्या लोकरीचाच तो रंग. पांढरी-करडी पण मिळते. हातमागावर विणतात, वरून चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवी असताना ताठ आणि टोचरी लागते. पांघरूण म्हणून शहरातली पोरं वापरणार नाहीत, पण दिवाणावर किंवा जमिनीवर अंथरली की खोलीचं रूपच बदलतं. काळ्या घोंगडीवर एक पितळी समई ठेवून बघा. तुमच्या भाचेसुनेला गावाकडचं-शहरातलं असं काही सुचणारही नाही, नुसतं देखणं वाटेल.

पण साताठशेत पूर्ण मापाची हातमागाची अस्सल मिळणार नाही. त्या भावात जी मिळते तिच्यात बहुतेक मिलचा कृत्रिम धागा असतो. तपासायचं सोपं आहे. कडेचा एक धागा ओढून जाळा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि कडक मणी होतो. पैसे जोडून मोठी घ्या, नाहीतर लहान आसन घ्या, तीन बाय दोनचं. आसनात अस्सल परवडतं, आणि विणणाऱ्याची मजुरी पण नीट निघते.

तुमच्या घरी मात्र एक ध्यानात ठेवा. घोंगडी भिजली की हंडाभर पाणी पिते आणि वाळायला आठवडा घेते. तुमच्याकडे गुंडाळून खांद्यावर टाकता येईल एवढीच ठेवा.

गावभागातली

आसनाची कल्पना मनात बसली. माझ्या सासऱ्यांची एक घोंगडी होती, दरवाज्यामागे घडी करून. त्या पुरात गेली. आज तुम्ही लिहिल्यावर तिचा पावसाळ्यातला वास आठवला.

मिरजवेस

गाणं शिकणाऱ्या भाचीकडे स्वतःचा तंबोरा आहे का? असेल तर नवीन वस्तू आणूच नका. मिरजेला सतारमेकर गल्लीत नेऊन जवारी लावून घ्या (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ घासून नीट करतात ते), तारा बदला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने कारागिराचं घर चालत नाही, दुरुस्तीची कामं आली की चालतं. जवारी उतरलेल्या तंबोऱ्यात सूर नुसता टणत्कार करून मरतो. लागली की एका तारेतून दुसरे सूर उमलायला लागतात, आणि शिकणाऱ्या मुलीला रोज पहाटे ते ऐकू येतं. याहून टिकाऊ भेट मला माहीत नाही.

दुरुस्ती हीच भेट, हे इतर घरांनाही लागू करता येईल. नणंदबाईंच्या पितळी भांड्यांना कल्हई करून देणं, जाऊबाईंच्या पाट-चौरंगाचे सांधे बसवून देणं.

गावभागातली

आहे तंबोरा! तिच्या आत्याचा जुना. दोन वर्षं "घुमत नाही" म्हणून खोळीत आहे. ती मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करते. हे मला सुचलंच नसतं. या रविवारी घेऊन जाते.

महाबळेश्वरचा_पायथा

खाऊ हवाच असेल तर मिठाईच्या रंगीत खोक्यांऐवजी आपल्या दोन जिल्ह्यांतलं काहीतरी द्या. महाबळेश्वरच्या बाजूचा मध (जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा कारवीचा). तिथलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. काचेच्या बाटलीतलाच घ्या. थंडीत मध गोठून रवाळ झाला तर लोक भेसळ समजतात, तसं नसतं. सोबत चिठ्ठी घाला की बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

तुमच्याकडे तर हळद आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, तरी आपण दुकानातली पुडी आणतो. पावडर देऊ नका, हळकुंडं द्या. हळकुंडाचा वास आणि रंग जास्त दिवस राहतो. तासगावचे बेदाणे, भडंग. सगळं स्टीलच्या झाकणाच्या डब्यात. डबा राहतोच.

एक विनंती. ते "कापडी" म्हणून मिळणारं, दाबून चिकटवल्यासारखं पिशवीचं कापड असतं ना, नॉन-वोव्हन, ते कापड नव्हेच. पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. उन्हात वर्षभरात त्याचा भुगा होतो. चकचकीत वेष्टणाचा कागदही मुठीत चुरगाळून बघा. सोडल्यावर परत उलगडला तर त्यात प्लास्टिकचा थर आहे, रद्दीवालाही घेत नाही. खणाच्या तुकड्यात बांधा. पुढे त्याची चोळी नाही झाली तरी रुमाल होतो.

गावभागातली

आमच्या पेठेत राहून हळद मलाच सुचू नये! मार्केट यार्डाच्या रस्त्याने गेलं तरी तो वास येतो, आणि मी भेटवस्तूंच्या दुकानात फिरत होते.

खणाचे तुकडे शिंप्याकडे पडलेले असतात, विचारते.

वाकळवाली

उशिरा लिहितेय. तुमच्या पहिल्या पोस्टमधली वाकळ सगळ्यांनी सोडून दिली, म्हणून.

मी कराडजवळ राहते, आमच्याकडे चार बायका मिळून वाकळा शिवतो. जुन्या सुती साड्या आणा, आम्ही मजुरीवर शिवून देतो. तुमच्या गावभागातही शिवणाऱ्या बायका असणारच, जुन्या बोहारणींना विचारा. एका वाकळेला पाच-सहा साड्या लागतात. कृत्रिम धाग्याची साडी मधल्या थरातही घालू नका, ती आकसत नाही आणि धुतल्यावर सुती थर आकसून सुरकुत्या पडतात. वरचा थर एकरंगी ठेवलात आणि धावदोरा पांढरा, तर ती वाकळ भाचेसुनेच्या पलंगावरही शोभेल. आणि वाकळ लहानही करता येते, मांडीवर घ्यायची, आरामखुर्चीवर टाकायची. शेजारच्या आजी-आजोबांना तीच द्या, थंडीत गुडघ्यांवर घ्यायला.

तुमच्या घराची अट तर वाकळच पुरी करते. भिजली, धुतली, वाळली. प्लास्टिकच्या खुर्चीवरही दुमडून टाकली की खुर्ची दिसत नाही.

तुमच्याकडे आईच्या साड्या आहेत का अजून?

गावभागातली

आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. सात सुती, दोन इरकली. पाच वर्षं ट्रंक उघडली नव्हती, तुमचा प्रतिसाद वाचून काल उघडली. कडुनिंबाचा पाला पार भुकटी झालाय, साड्या मात्र धड आहेत.

ठरलं ते सांगते. तंबोरा मिरजेला. भाचेसुनेला घोंगडीचं आसन, खणात बांधून. नणंदा आणि विहीणबाईंना हळकुंडं, बेदाणे आणि मधाची बाटली, स्टीलच्या डब्यात. जाऊबाईंची पितळी पातेली कल्हईला, त्यांना आत्ताच सांगून टाकलं, नाहीतर त्या भंगारात देणार होत्या. मैत्रिणींना दुरडीचे दिवे, माझे जमले तर. आजी-आजोबांना लहान वाकळ. चुन्याचं काम सोमवारी सुरू होतंय.

सुती साड्यांतल्या पाच आजी-आजोबांसाठी आणि आमच्या सोप्यासाठी काढल्या. इरकली दोन्ही लेकीसाठी ठेवल्या आहेत, पण त्यातल्या एकीच्या काठाला मध्येच चिरा गेल्यात, घडीच्या रेषेवर. वाकळवाली ताई, ही साडी नेसण्याजोगी राहणार नाही, पण टोपपदर अजून लालभडक आहे. तेवढा पदर वेगळा काढून भिंतीवर लावायचा असेल तर मागून कोणतं अस्तर लावू, म्हणजे ताण पडणार नाही? मांजरपाट चालेल का? आणि वर काठी घालायला नळी शिवायची की खिळ्यांना कड्या?

वाकळवाली

मांजरपाट चालेल, पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन आकसवून घ्या. पदर त्यावर सैल ठेवून हाताने टाके घाला, मशीन नको, चिरा वाढतील. वर नळीच शिवा, पूर्ण रुंदीची. वेताची काठी घालून लटकवा, वजन सगळीकडे सारखं जातं. कडीने दोनच टोकांवर ताण येतो. उन्हाची तिरीप थेट येते त्या भिंतीवर लावू नका, लाल उतरतो.

काठी खुंटीवर नुसती टेकवा, बांधू नका. तासाभरात वर न्यायचं असलं तर गुंडाळी करून हातात घेता येईल.