मदत हवी आहे: गिनीपिग आपला सख्खा का?

नागपुरात दहावीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम. समान पूर्वजाचा पुरावा म्हणून माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर यांतली हाडं दाखवून झाली. मग संत्र्यावरून (इथं दुसरं काय!) 'गुलो' जनुकावर आले. क जीवनसत्त्व बनवायला लागणारं हे जनुक माणसात आणि चिंपांझीत मोडकं आहे, कुत्र्या-मांजरांत शाबूत. एका पोरानं लगेच पकडलं, "मॅडम, गिनीपिगमध्येही मोडकंच आहे, मग तो आपला सख्खा का?" दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे बिघडलं, एवढं सांगितलं. पटलं नाही, आणि शंका रास्तच आहे. गुणसूत्र क्रमांक २ चं उदाहरण (पूर्वजाची दोन गुणसूत्रं जोडली जाऊन माणसात हे एक बनलं) ठाऊक आहे, ते पुढच्या तासाला. प्रोजेक्टर नाही, तास ३५ मिनिटांचा. जनुकाचे कोणते तुकडे माणूस-चिंपांझीत सारखेच गायब आणि गिनीपिगमध्ये वेगळे, हे फळ्यावर खडूनं कसं काढून दाखवू?