मदत हवी आहे : प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडताना ठिणगी उडते

नमस्कार मंडळी,
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप माझा. त्याची बॉडी धातूची, चार्जर दोन पिनचा. चार्जर चालू असताना एचडीएमआय केबल लावायला गेले की टोक टेकताक्षणी बारीकशी निळी ठिणगी दिसते. पावसात ओल्या पायांनी आले आणि लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटला. चार्जर काढला की काही नाही.

प्रोजेक्टरची वायर तीन पिनची आहे, पण ज्या एक्स्टेंशन बोर्डात ती खोचतो त्याला टॉप (प्लग) दोनच पिनचा. कुणी बसवला देव जाणे. सहकारी म्हणतात, "चालतंय ना, मग कशाला!" पण माझ्या आधीच्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट असंच एका दिवशी गेलं होतं. केबल बदलू का? मुलंही हात लावतात, म्हणून जास्त काळजी.

प्रतिसाद १
ताई, केबल नका बदलू, तो टॉप बदला. चार्जरमधल्या कपॅसिटर नावाच्या छोट्या भागातून थोडा करंट बॉडीवर झिरपतोच. प्रोजेक्टरचंही तसंच, फक्त त्याचा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. तुमच्याकडे दोन पिनच्या टॉपनं ती वाटच तोडलीय. मग बॉडीवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट मिलिअँपियरपेक्षाही कमी, त्यामुळे माणसाला नुसत्या मुंग्या, पण पोर्टमागची चिप तेवढ्यानंही मरू शकते. उद्या प्रोजेक्टरच्या आत फेजची, म्हणजे करंट येणारी, तार बॉडीला टेकली तर मात्र पूर्ण २३०. मुलांना तोवर लांबच ठेवा.

तोपर्यंत सगळं बंद असताना आधी केबल लावा, मग प्रोजेक्टर, शेवटी लॅपटॉप, तोही बॅटरीवर. काढताना आधी दोन्ही बंद.

प्रतिसाद २
नुसता टॉप बदलून भागेल असं नाही. भिंतीतल्या सॉकेटला तरी अर्थिंग आहे का? वायरमनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघायला सांगा; अर्थिंग चांगलं असेल तर तो पूर्ण पेटेल. स्वतः करू नका.

धागाकर्ती
वायरमन येऊन गेला. बल्बची तार नुसती लालसर झाली. शाळेमागचा अर्थिंगचा खड्डा ओला हवा, तो कोरडा ठणठणीत, वर गवत. टॉप तीन पिनचा बसवला, खड्डा पुढच्या आठवड्यात. तोवर प्रोजेक्टर कपाटात. आता मुख्याध्यापक विचारतायत, हा खर्च कुठल्या अनुदानात दाखवायचा? कुणी दाखवलाय का?