जुने ग्राफिक्स कार्ड घरी उघडून साफ करावे का? (जीटीएक्स १०६०, इंदूर)

जुनी_इंदूर यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्याकडे जीटीएक्स १०६० हे ६ जीबी मेमरीचे, दोन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड आहे. २०१७ मध्ये नवे घेतले आणि तेव्हापासून ते एकदाही उघडलेले नाही. सध्या ते माझ्या पुतणीच्या संगणकात आहे. ती आर्किटेक्चर शिकते आणि तिचे सगळे थ्रीडी रेंडरिंग (आराखड्यावरून खरीखुरी वाटणारी चित्रे तयार करणे) याच कार्डावर चालते. गेल्या काही महिन्यांपासून रेंडर लावला की थोड्याच वेळात तापमान ८४ अंशांवर जाते, पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि पूर्वी सुरळीत होणारे काम मध्येच मंदावते. पडद्यावर रेघा, ठिपके किंवा रंगीत चौकटी मात्र कधीही दिसलेल्या नाहीत. दोनपैकी एक पंखा सकाळी संगणक सुरू करताना खरखरतो आणि कार्ड गरम झाल्यावर शांत होतो.

आमचे घर रस्त्याला लागून आहे, समोर बरेच दिवस बांधकाम चालू होते आणि संगणकाचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे, त्यामुळे आत धूळ असणार हे उघड आहे. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. कार्ड बाहेर काढून पाहिले, तेव्हा मेमरीच्या चिप्सजवळ हिरव्या पाटीवर तेलासारखा ओशट थर दिसला. बोटाला लागतो, पण त्याला वास नाही. शहरातील एका दुकानदाराने तो लांबूनच पाहून कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुटल्याचे सांगितले आणि नवे कार्ड घेण्याचा सल्ला दिला. हे खरे असू शकते का? तसे नसेल, तर कार्ड घरी उघडून साफ करणे शक्य आहे का, त्यासाठी काय सामान लागेल, आणि एवढ्या जुन्या कार्डावर खर्च करणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सोल्डरगन यांचे उत्तर:

दादा, सर्वप्रथम त्या ओशट थराविषयी. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो कॅपॅसिटरचा द्राव वाटत नाही, तर थर्मल पॅडमधून पाझरलेले सिलिकॉनचे तेल वाटते. मेमरीच्या चिप्स आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा, धातूच्या पात्यांचा भाग) यांच्यामध्ये करड्या किंवा निळसर रंगाच्या ज्या मऊ पट्ट्या असतात, त्या वर्षानुवर्षे तापल्या की त्यांच्यातले तेल हळूहळू सुटते आणि पाटीवर पसरते. ते वीजवाहक नसते, त्यामुळे लगेच बिघाड होत नाही. या पिढीच्या बहुतेक कार्डांवर घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात आणि त्यांच्यात गळायला द्रावच नसतो. मात्र तेल सुटले याचा अर्थ पॅड कोरडे पडत चालले आहेत, आणि ते बदलायला हवेत.

दुसरे असे की, पडद्यावर चौकटी किंवा रेघा दिसत नाहीत ही फार चांगली खूण आहे. तुमचे कार्ड बिघडलेले नाही, ते फक्त तापते आहे. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची या पिढीची कार्डे साधारण ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवून तापमान आवरतात, म्हणूनच रेंडर मंदावतो. १०६० चिपची कमाल मर्यादा ९४ अंश आहे; तिथपर्यंत पोहोचण्याआधीच कार्ड स्वतःला सांभाळून घेते.

उघडण्यापूर्वी एक काम आवर्जून करा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एखादा मोफत प्रोग्राम चालू ठेवून पुतणीचा नेहमीचाच एखादा रेंडर लावा आणि तापमान, पंख्यांचा वेग व चिपची गती यांचे आकडे वहीत टिपून ठेवा. त्यांच्याशेजारी खोलीचे तापमानही लिहा. इंदुरात मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली रात्र यांत जो फरक असतो तो थेट कार्डाच्या आकड्यात उतरतो, त्यामुळे खोली आणि कार्ड यांच्या तापमानातला फरक पाहिल्याशिवाय सफाईचा उपयोग किती झाला हे कळणार नाही.

आता उघडण्याविषयी. कार्ड थोडा वेळ चालवून कोमट होऊ द्या, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेण्यासाठी मध्ये लावलेली आणि आता सुकलेली पेस्ट जराशी सैल होते. मग संगणक बंद करून वायर काढा आणि कार्ड बाहेर घ्या. मागच्या बाजूला मुख्य चिपभोवती स्प्रिंग लावलेले चार स्क्रू असतात. ते एकामागून एक पूर्ण न काढता, तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, कारण चिप उघडी असते आणि एका कोपऱ्यावर दाब आला तर तिची कड तुटू शकते. हीटसिंक सरळ ओढू नका. हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा, म्हणजे तो आपोआप सुटेल. सुटल्यावरही तो झटकन दूर करू नका, पंख्यांच्या बारीक तारा अजून पाटीला जोडलेल्या असतात.

चिपवरची जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड घेऊन पुसावी. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीनही असते. नवी पेस्ट चिपच्या संपूर्ण चौकोनावर पातळ व एकसारखी पसरून घ्या. प्रोसेसरवर धातूचे झाकण असते, म्हणून तिथे मध्ये ठेवलेला एक थेंब पुरतो. इथे चिप उघडी असल्यामुळे एखादा कोपरा कोरडा राहिला, तर नेमका तोच कोपरा तापतो.

माझ्या मते या सगळ्या कामात पेस्टपेक्षा पॅडची जाडी अधिक महत्त्वाची आहे आणि बहुतेकांचे काम तिथेच बिघडते. तुमच्या कार्डावर मेमरीच्या सहा चिप्स आहेत आणि त्यांच्याशिवाय वीजपुरवठ्याच्या भागावरही पॅड असतील. या दोन्ही ठिकाणची जाडी एकच असेल असे धरून चालू नका. एके ठिकाणी १ मिलिमीटर आणि दुसरीकडे १.५ किंवा २ मिलिमीटर असू शकते. पॅड गरजेपेक्षा जाड झाले तर हीटसिंक त्यांच्यावरच टेकतो आणि मुख्य चिपवर पुरता बसत नाही. मग उत्तम पेस्ट लावूनही तापमान आधीपेक्षा वाढते. पातळ झाले तर मेमरीला स्पर्शच होत नाही, आणि या कार्डावरील मेमरीचे तापमान कोणताही प्रोग्राम दाखवत नसल्यामुळे ते तुमच्या लक्षातही येणार नाही. म्हणून जुने पॅड काढताना कोणते कुठे होते याचा फोटो घ्या आणि व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजा. चिपखाली दबलेला भाग न मोजता कडेचा, न दबलेला भाग मोजा. मूळ जाडी तिथे कळते. नवे पॅड दाबल्यावर दबणारे, मऊ असावेत. वेष्टनावर उष्णतावहनाचा मोठा आकडा छापलेले कडक पॅड या कामाला उपयोगाचे नाहीत.

सगळे बसवल्यानंतर स्क्रू पुन्हा तिरक्या क्रमाने आवळा, एकदा परत उघडा आणि हीटसिंकवर पेस्टचा ठसा पाहा. चिपचा पूर्ण चौकोन स्वच्छ उमटला असेल आणि प्रत्येक पॅडवर चिपची खूण दिसत असेल, तर जाडी बरोबर आहे. पेस्ट पुन्हा लावावी लागेल, पण ही तपासणी टाळू नये.

माळवासखी यांचे उत्तर:

सोल्डरगन यांनी आतल्या भागाबद्दल सविस्तर लिहिलेच आहे. मी फक्त धुळीबद्दल लिहिते. स्वयंपाकघराजवळच्या संगणकातली धूळ कोरडी नसते. फोडणीचा धूर तिच्यात मिसळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये करडा, चिकट नमदा तयार होतो आणि तो नुसत्या हवेने निघत नाही. पंखे आणि प्लॅस्टिकचे आवरण काढून घेतल्यानंतर मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये जरासा बुडवून पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा फिरवू नका. ॲल्युमिनियमची पाती फार पातळ असतात आणि लगेच वाकतात. हवा मारायची असेल तर घरगुती ब्लोअर पुरेसा आहे, पण त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवा, कारण बाहेरच्या झोताने तो मर्यादेपलीकडे फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरवर कार्ड नेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती मला मुळीच पटत नाही, त्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे बारीक तुषार येतात.

कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरने घासण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. आधी अल्कोहोलने पुसून पाहा. सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि रबर तो थोडा थोडा खरवडतो. डाग निघतच नसेल तरच पांढऱ्या मऊ रबराचा एखादा हलका हात द्यावा आणि त्याचा चुरा ब्रशने झटकावा.

सामानासाठी जेल रोडला जावे. मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेस्ट आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर मिळतात. पॅड मात्र हव्या त्या जाडीत मिळतीलच असे नाही. मोजमाप हातात आल्यावर ते ऑनलाइन मागवणे बरे. तोपर्यंत कार्ड उघडे ठेवावे लागेल, तेव्हा पुतणीच्या सबमिशनची तारीख आधी विचारून घ्या.

जुनी_इंदूर:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. दुकानदाराच्या बोलण्याने पुतणी फारच खचली होती; तिला आपली उत्तरे वाचून दाखवली. दोन शंका उरल्या आहेत. आमचे एक नातेवाईक सांगतात की, जुने कार्ड ओव्हनमध्ये भाजले की नव्यासारखे होते. त्यात काही तथ्य आहे का? आणि एनव्हिडियाने या कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बंद केल्याचे वाचले, मग हा खटाटोप करावा की नाही?

सोल्डरगन:

ओव्हनचा विचार कृपया मनातून काढून टाका. तो उपाय मेलेल्या कार्डांवर शेवटची धडपड म्हणून केला जात असे. बिघाड बहुधा चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांमध्ये असतो. उष्णतेने ते जोड थोडे हलतात आणि कार्ड काही दिवस किंवा काही आठवडे चालते, मग पुन्हा बंद पडते. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळते. घरच्या ओव्हनमध्ये तिथपर्यंत नियंत्रित रीतीने पोहोचता येत नाही, प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि कॅपॅसिटर मात्र खराब होतात. शिवाय ज्या ओव्हनमध्ये घरचे अन्न शिजते, त्यात सर्किटची पाटी तापवून तिची वाफ भरणे आरोग्याला घातक आहे. तुमचे कार्ड तर चालू आहे. चालू कार्ड भाजण्याचे काहीच कारण नाही.

ड्रायव्हरबद्दल तुम्ही वाचले ते खरे आहे, पण अर्धे आहे. १०६० ज्या पास्कल पिढीची आहे, तिच्यासाठी नव्या गेमसाठी काढले जाणारे 'गेम-रेडी' ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर येणार नाहीत, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. रेंडरिंगसाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कूडा (रेंडरिंगसारखी गणिते कार्डावर चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) हिच्या १३ व्या आवृत्तीतून पास्कलचा आधार काढून टाकला आहे. त्यामुळे रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्या एकेक करून हे कार्ड ओळखणे बंद करतील. पुतणीचे काम आज ज्या आवृत्तीवर नीट चालते, ती आवृत्ती तिने जपून ठेवावी आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती बदलू नये. एवढे केले तर पेस्ट, पॅड आणि अल्कोहोल यांवरचा किरकोळ खर्च निश्चितच सार्थकी लागेल. पंखे, पॅड आणि पेस्ट झिजतात. चिप सहसा झिजत नाही. दहा वर्षांच्या आत चांगली पाटी भंगारात घालणे मला दर वेळी फार खटकते.

जुनी_इंदूर:

काम पूर्ण झाले. मेमरीवरचे पॅड १ मिलिमीटरचे आणि वीजपुरवठ्याच्या भागावरचे १.५ मिलिमीटरचे निघाले, म्हणजे एकाच जाडीचे मागवले असते तर अडचण झाली असती. पुतणीने स्वतः प्रत्येक तुकडा कापून बसवला. दुसऱ्यांदा उघडून पाहिल्यावर पेस्टचा ठसा चारही कोपऱ्यांपर्यंत उमटलेला दिसला. तोच रेंडर लावला असता तापमान ७१ अंशांवर स्थिरावते. खोलीचे तापमान दोन्ही वेळा ३० अंशच होते. वेगही आता मध्येच उतरत नाही. मात्र त्या एका पंख्याची सकाळची खरखर कायम आहे. पंखा बदलावा, की त्यात तेल घालून चालेल?

माळवासखी:

अभिनंदन, आणि पुतणीचे विशेष कौतुक. थंड असताना खरखरणारा आणि तापल्यावर शांत होणारा पंखा म्हणजे बेअरिंगमधले वंगण आटलेले असते. पंख्याच्या मागचे स्टिकर अलगद उचलून खाली रबरी बूच किंवा दांड्याचे टोक दिसते का ते पाहा. दिसल्यास शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका, पंखा हाताने फिरवा आणि स्टिकर नीट चिकटवा. खोबरेल तेल घालू नये, थंडीत ते गोठते. गंज सोडवण्याचे फवारेही नकोत, ते उरलेले वंगण धुऊन नेतात. काही पंखे पूर्ण बंदिस्त असतात, त्यांत तेल घालता येत नाही. तसा असेल किंवा तेलानंतरही आवाज राहिला, तर पंखा बदलावा लागेल. मागवताना त्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक, पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि कनेक्टरच्या पिनांची संख्या या चारही गोष्टी जुळवून घ्या; कार्डाचे नाव एकच असले, तरी प्रत्येक कंपनीचा पंखा वेगळा असतो.